ताणून घेतलेलं माप

मागच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, मोतीरामजींच्या घरी जिन्यावर कार्पेट कमी पडलं. जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. कार्पेट वरून खाली लावत आणलं, ते अकरा पायऱ्यांना पुरलं आणि बाराव्या पायरीवर अर्ध्यात संपलं. खालच्या चार पायऱ्या उघड्या राहिल्या. माप मोतीरामजींनी स्वतः घेतलं होतं. एकदा नाही, तीनदा. दोरीचं खालचं टोक तिन्ही वेळा मी धरलं होतं.

मोतीरामजींना ओळखणाऱ्या कोणाचाही या बातमीवर विश्वास बसला नाही. म्हणून आधी ते कोण, हे सांगायला हवं.

मोतीरामजी आमचे शेजारी. नागपुरात मानेवाड्याच्या पुढे आमची गल्ली आहे, तिच्यात त्यांचं घर डावीकडून चौथं आणि आमचं पाचवं. वय बहात्तर. खापरखेड्याच्या वीज केंद्रात भांडारात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. जन्म मात्र गोळीबार चौकातल्या विणकराच्या घरातला. आजोबांचा माग होता, वडिलांचा होता. मोतीरामजींनी विसाव्या वर्षी माग सोडला. कापडाची पाठ पाहण्याची सवय तेवढी सुटली नाही.

ते कापड पुढून पाहत नाहीत. साडी असो, पडदा असो, टॉवेल असो, हातात आला की आधी उलटा करतात. दुकानदाराने घडी उलगडून समोर धरली की म्हणतात, "उलटं कर." घडी आधीच उलटी असली तरी म्हणतात. सुलट बाजू कशी दिसते यात त्यांना रस नाही. "पुढून तं सारेच बरे दिसते गा," हे त्यांचं कारण.

आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या दिवशी ते चौकशीला आले. दारातच माझ्या सदऱ्याचं खालचं टोक दोन बोटांत धरून त्यांनी उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "शिलाई चांगली हाय. कापड नाही." नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

उमरेडला एका स्वागत समारंभात ते मंचावर गेले. वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि खाली उतरण्याऐवजी वधूच्या शालूचा पदर उलटा करून पाहू लागले. मागे रांग थांबली. वधूची मावशी पुढे आली.

"काकाजी, काय पाहून राह्यले?"

"पाठ."

"पाठ? कोणाची?"

"शालूची. हातमागाचा म्हणून घेतला का?"

"हो तं."

"यंत्रमागाचा हाय."

मावशीने त्यांना हाताला धरून खाली आणलं. जेवणाची पहिली पंगत उठेपर्यंत वधूकडच्या चार बायका आपापले पदर घेऊन त्यांच्या टेबलाशी उभ्या होत्या. मावशी त्यांच्यात दुसरी होती. त्या समारंभाचा फोटो मी पाहिला आहे. वधूवर कॅमेऱ्याकडे पाहताहेत आणि मोतीरामजी पदराकडे.

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई. गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणतात. वहिनींचं म्हणणं असं की सवय कापडापुरती राहिलेली नाही. "पोळी बी उलटी करून पाह्यते हा माणूस. चाळीस वर्सं झाले, म्या अजून एक पोळी जाळली नाही. तरी पाह्यते."

"जाळली नाही हे पाह्यल्याशिवाय कसं समजन?" मोतीरामजी विचारतात.

"खाऊन."

पण पुढची पोळी ते उलटी करतातच.

आयुष्यात एकच माल त्यांनी पुढून पाहून घेतला. तो म्हणजे जिन्याचा ग्रॅनाइट. घर बांधलं तेव्हा वहिनींना पायऱ्यांसाठी खरखरीत फरशी हवी होती. मोतीरामजी दगडाच्या गुदामात गेले आणि काळ्या ग्रॅनाइटपुढे उभे राहिले. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, डोक्यावरच्या पंख्यासकट. त्यांनी तोच घेतला. प्लॉट अरुंद आणि लांब असल्यामुळे जिना एका सरळ रेषेत वर जातो, मध्ये वळण नाही. वर एक खोली आणि गच्ची.

गच्ची वहिनींची होती. तिथे त्यांच्या कुंड्या होत्या. उन्हाळ्यात तिथे कुरडया आणि सांडगे वाळायचे, हिवाळ्यात तिथे त्या केस वाळवायच्या. दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर त्याच वेळी दोन बायका यायच्या आणि कठड्यावरून बोलणं चालायचं. गल्लीत काय घडलं ते आधी गच्चीवर कळत असे, मग घरात.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वहिनी वाळलेल्या कुरडयांची परात घेऊन खाली येत होत्या. वरून तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, मग काठी आली. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड नीट जुळल्याचं सांगितलं आणि जिना चढायला हरकत नाही म्हणाले. वहिनी घरी आल्या, जिन्यापाशी गेल्या, कठड्याला हात लावला, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन दिवाणावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवसापासून त्या जिन्याकडे गेल्या नाहीत.

"हाड जुळलं जी," त्या म्हणाल्या. "पाय नाही मानत."

त्यानंतर मोतीरामजी दर रविवारी गच्चीवरून एक कुंडी उचलून खाली आणू लागले. कुंडी दिवाणासमोर ठेवायची, वहिनींनी पाहायची, पिवळी पानं खुडायची आणि मोतीरामजींनी ती परत वर न्यायची. सोळा पायऱ्या खाली, सोळा पायऱ्या वर. मोठा जास्वंद आणला त्या दिवशी ते चौथ्या आणि आठव्या पायरीवर बसले.

"कायले त्या झाडाले चढवता-उतरवता?" वहिनी म्हणाल्या. "चक्कर येईन त्याले."

"त्याले सवय झाली."

"आन तुमाले?"

"मले काय होते?" मोतीरामजी म्हणाले आणि कुंडी उचलण्याआधी आणखी पाच मिनिटं बसले.

दिवाळी झाली आणि मोतीरामजींनी जिन्यावर कार्पेटची पट्टी टाकायचं जाहीर केलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "दगडाचा आवाज येते." त्या जिन्यावर तेव्हा फक्त मोतीरामजी चढत होते आणि ते घरात अनवाणी असतात. आवाज येत नाही. मी ऐकून पाहिलं आहे. वहिनींनी हे कारण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पायऱ्यांले गोधडी काहून? थंडी वाजून राह्यली का त्यांले?" पण नको म्हणाल्या नाहीत.

खरं कारण मोतीरामजींनी एकदाच सांगितलं, इतवारीतल्या एका दुकानाच्या ओट्यावर बसून, न विचारता. "चमक पाह्यली म्या," ते म्हणाले. "साऱ्या जन्मात एकदाच पाह्यली. अन् ते तिच्या पायाखाली टाकली." मग उठून आत गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "उलटं कर."

तीन आठवड्यांत आम्ही सहा दुकानं पाहिली. सीताबर्डीत तीन, इतवारीत दोन, सक्करदऱ्यात एक. मोतीरामजींच्या खांद्याला कापडी पिशवी असे आणि तिच्यात दोन वस्तू. एक भिंग, विणीतले धागे मोजायला. दुसरी वहिनींच्या डाव्या पायाची हिरवी रबरी चप्पल. पडल्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून वहिनी घरात चप्पल घालतात. मोतीरामजी ती चप्पल हातमोज्यासारखी हातात चढवत आणि कार्पेटवर घासत. आधी पुढे, मग मागे, मग आडवी. चप्पल सरकली की तो माल बाद.

सीताबर्डीतल्या पहिल्या दुकानदाराने चप्पल पाहिली आणि त्याचा समज वेगळा झाला. "काकाजी, एकदम ये शेड तो मुश्किल है. पिस्ता में देखो ना."

"रंग नाही पाहून राह्यलो."

"तो फिर?"

"पाय पाहून राह्यलो."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं.

काथ्याची पट्टी टोचते म्हणून गेली. तागाची पट्टी पाणी पिते म्हणून गेली. लांब केसांच्या लोकरीत चप्पल रुतली, म्हणून तीही गेली. एकीच्या पाठीला रबराचा थर होता. घसरू नये म्हणूनच तो लावतात, असं दुकानदार सांगत होता. मोतीरामजींनी तो नखाने उकरायला सुरुवात केली. "पाठ झाकली म्हणजे काहीतरी हाय," ते म्हणाले. आम्हाला बाहेर जायला सांगण्यात आलं.

सहाव्या दुकानात, सीताबर्डीतच, त्यांना हवी ती मिळाली. आखूड केसांची, घट्ट विणीची, अडीच फूट रुंद. त्यांनी ती उलटी केली, भिंग लावलं, धागे मोजले, दुसऱ्या जागी मोजले, तिसऱ्या जागी मोजले. चप्पल घासली. मग स्वतःच्या चपला काढून, डोळे मिटून, दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिच्यावर चालत गेले. गिऱ्हाइकं बाजूला झाली. परत आले आणि म्हणाले, "हे."

मालक तरुण होता, अदबीने बोलणारा. "काकाजी, हमारा कारीगर आके नाप लेगा. रहीमभाई. बीस साल से यही काम करते हैं."

"माप माझं मी आणतो."

"वो क्या है ना, सीढ़ी का नाप थोड़ा..."

"बेटा," मोतीरामजी म्हणाले, "तू कापड विकते. आम्ही विणलं."

आता मापाबद्दल. हातमागावर ताणा लावायचा असला, म्हणजे कापडाचे उभे धागे मागावर चढवायचे असले, की आधी ते गल्लीत लांबच्या लांब ताणून धरतात. खळ लावतात, कुंच्याने साफ करतात. मोतीरामजींचं बालपण गोळीबार चौकातल्या गल्लीत त्या ताण्याचं टोक धरण्यात गेलं. धागा ढिला असताना माप घ्यायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची पहिली शिकवण. ताणायचं, टिचकी मारायची, वाजला की मोजायचं. ढिल्या धाग्याचं माप म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

त्याप्रमाणे त्यांनी जिन्याचं माप घेतलं. वरच्या पायरीशी खिळा मारून त्याला सुती दोरी बांधली. खालचं टोक मला दिलं. "ताण," ते वरून म्हणाले. मी ताणली. ते अर्ध्या जिन्यावर आले आणि त्यांनी दोरीला टिचकी मारली.

"नाही वाजली. अजून ताण गा. जेवला नाही का?"

मी आणखी ताणली. दोरी वाजली. त्यांनी दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि जमिनीवर पसरून मोजली. सोळा फूट चार इंच. दोरी हवेप्रमाणे आखडते आणि सैल होते, म्हणून दुपारी पुन्हा मोजली आणि संध्याकाळी पुन्हा. तिन्ही वेळा सोळा फूट चार इंच. दोन्हीकडे दुमडायला दीड-दीड इंच धरून त्यांनी सोळा फूट सात इंच पट्टी मागितली.

सीताबर्डीच्या मालकाने आकडा ऐकला आणि विचारलं, "सीढ़ी कितनी हैं काकाजी?"

"सोळा."

"सोलह सीढ़ी, और कपड़ा सोलह फुट?"

"अन् सात इंच," मोतीरामजी म्हणाले. "काप."

मालकाने कापलं. मी तिथे उभा होतो. मलाही काही खटकलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

रविवारी सकाळी साडेनऊला रहीमभाई पट्टीचा गुंडाळा खांद्यावर घेऊन आले. पन्नाशीचे, शांत, तोंडात सुपारी. दिवाणखान्यात गुंडाळा सोडला तेव्हा वहिनींनी ती पट्टी पहिल्यांदा पाहिली. गडद मोरपंखी रंग आणि दोन्ही काठांना लालभडक पट्टे.

"हा रंग तुमी पसंत केला?" वहिनींनी विचारलं.

मोतीरामजींनी पट्टीकडे पाहिलं. चेहऱ्यावरून ते ती प्रथमच पाहत होते. "रंगाचं नाही पाह्यलं," ते म्हणाले.

"माय गे! अन् तीन आठवडे काय पाह्यलं?"

"पाठ."

"बरं हाय," वहिनी म्हणाल्या. "मंग उलटीच टाका आता."

रहीमभाईंनी सामान काढलं. खिळेवाल्या लाकडी पट्ट्या, दगडाला लागणारा चिकट मसाला, छिन्नी, हातोडी. ते खालच्या पायरीशी बसले तेव्हा मोतीरामजींनी त्यांना उठवलं.

"वरून सुरू करा."

"काकाजी, हमेशा नीचे से करते हैं. फिटिंग अच्छी बैठती है."

"वरून."

"क्यों पर?"

"तिसरी पायरी आधी झाली पाह्यजे. वरून तिसरी."

दिवाणावर बसलेल्या वहिनींनी तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं. रहीमभाईंना काही माहीत नव्हतं. त्यांनी सामान उचललं आणि ते वर गेले.

काम चांगलं चाललं होतं. मोतीरामजी प्रत्येक पायरीनंतर हाताने दाबून पाहत होते. तिसरी पायरी त्यांनी हाताने पाहिली, पायाने पाहिली आणि मग तिच्यावर उभं राहून दोनदा उडी मारली. "काकाजी, खुद मत गिरना," रहीमभाई म्हणाले. सहावी झाली, आठवी झाली. दहाव्या पायरीवर रहीमभाईंनी उरलेला गुंडाळा हातात तोलला आणि खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं. अकरावी झाली. बाराव्या पायरीवर पट्टीचं टोक आलं. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"काकाजी, माल खतम."

मोतीरामजी खाली आले, टोक हातात घेऊन पाहिलं. उलटंही करून पाहिलं. मग आत जाऊन दोरी आणली. वरच्या खिळ्याला बांधली, खालचं टोक माझ्या हातात दिलं आणि टिचकी मारली. दोरी वाजली. जमिनीवर मोजली. सोळा फूट चार इंच.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. "कार्पेट आखडलं."

"काकाजी, छे फुट कैसे सिकुड़ेगा?"

"मंग दुकानात कमी कापलं."

रहीमभाई नम्र माणूस. त्यांनी दोरी पुन्हा ताणायला लावली, तिच्याखाली हात घातला आणि दोरी आणि पायऱ्या यांच्यामधल्या मोकळ्या जागेत तो वरखाली हलवला. "देखो. डोरी हवा में से गई. कपड़ा तो सीढ़ी पे से उतरेगा ना? आड़ा, खड़ा, आड़ा, खड़ा."

मोतीरामजी त्या हाताकडे पाहत राहिले. मग ते उघड्या पायरीवर बसले. दोरी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माप ताणूनच घेतात," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला. वहिनी हसत होत्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

"गल्लीतला ताणा समजला का तुमाले हा? जिना हाय जी तो! साऱ्या नागपूरले पाठ दाखव म्हणते हा माणूस, अन् पायरीले पुढची बाजू असते हे याले नाही माहीत!"

"हसू नको वं."

"काहून नाही हसू?"

"माप बरोबर हाय."

"बरोबर हाय?" वहिनी उठल्या. शिवणाच्या डब्यातून कापडी टेप काढली. काठी दिवाणाला टेकून होती, ती तिथेच राहिली. त्या जिन्याशी आल्या, मोतीरामजींना म्हणाल्या, "सरका," आणि ते सरकल्यावर त्यांच्या जागी बसल्या. "कागद घ्या. लिवा. मी सांगतो कसं मोजतात."

मोतीरामजींनी वर्तमानपत्राचा कोरा काठ फाडला. पेन्सिल रहीमभाईंच्या कानावरची घेतली.

"उभी सात. आडवी दहा." वहिनींनी टेप उचलली. "दुसरी. सात. दहा."

"पावणेसात असन ते."

"सात हाय. डोळ्यानं पाहून राह्यली मी."

"टेप ढिली हाय तुही."

"टेप ढिलीच असते जी. ते काही वाजवाची नसते. लिवा."

त्यांनी लिहिलं. वहिनी एका पायरीवरून वरच्या पायरीवर बसत मोजत होत्या. टेपचं एक टोक अंगठ्याखाली, दुसरं बोटात. चौथ्या पायरीवर वाद झाला. पाचवीवर मोतीरामजी म्हणाले की तुझा अंगठा अर्धा इंच खातो. वहिनी म्हणाल्या की तुमच्या दोरीने सहा फूट खाल्ले. रहीमभाई भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी हसू आवरलं नाही. सहावी, सातवी. वहिनी आता कार्पेटवर होत्या. बसून मोजणं जमेना तशा त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, वाकून मोजू लागल्या आणि मोजून झालं की पुढच्या पायरीवर पाय ठेवू लागल्या.

"आठवी. सात. दहा."

मोतीरामजी तोंड उघडून काही म्हणणार होते. त्यांनी वर पाहिलं. वहिनी जिन्याच्या मध्यावर उभ्या होत्या. त्यांनी तोंड मिटलं आणि लिहिलं.

"काहून बोलत नाही?" वहिनींनी वरून विचारलं.

"बरोबर हाय," मोतीरामजी म्हणाले. "पुढं सांग."

नववीपासून त्यांनी एकही आकडा अमान्य केला नाही. ते दोन पायऱ्या वर चढले. मग आणखी दोन. त्यांनी एक हात पुढे केला, मग तो पेन्सिलीसकट मागे घेतला. रहीमभाई सरळ उभे राहिले होते. मीही उभा होतो.

"तेरावी. सात. दहा."

पुढची चौदावी. वरून मोजलं तर तिसरी. वहिनींनी खाली पाहिलं नाही, वरही पाहिलं नाही. त्या पायरीकडे पाहत राहिल्या. टेप हातात लोंबत होती.

"तिथं किती हाय?" मोतीरामजींनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

वहिनी वाकल्या. टेप लावली. काढली. पुन्हा लावली.

"साडेसात," त्या म्हणाल्या.

"सात?"

"साडेसात. दुसऱ्यांदा पाह्यलं म्या. ही पायरी उंच हाय जी. खालच्या साऱ्या सात, ही साडेसात." त्या थांबल्या. "तुमी त्या दगडाले बोल लावून राह्यले आठ महिने. दगडानं काही नाही केलं. मिस्त्रीनं अर्धा इंच जास्त ठेवला."

मोतीरामजींनी कागदावर काही लिहिलं नाही. रहीमभाई वर गेले, त्यांनी स्वतःच्या लोखंडी फितीने मोजलं आणि म्हणाले, "साढ़े सात. सही बोल रही हैं चाची. आधा इंच मतलब पाँव तो धोखा खाएगाच."

"लिवलं का?" वहिनींनी विचारलं.

"लिवतो."

"लिवा मंग. दहा आडवी." त्यांनी चौदाव्या पायरीवर पाय ठेवला, दुसरा पाय ठेवला. "पंधरावी. सात. दहा. सोळावी. सहा, दहा. हिच्यातलाच अर्धा इंच गेला असन चौदावीत."

रहीमभाईंनी पेन्सिल परत मागून घेतली आणि बेरीज केली. बावीस फूट साडेसात इंच. उरलेल्या पायऱ्यांसाठी तोच माल दुकानात आहे का, हे त्यांनी तिथूनच फोन करून विचारलं. त्या रंगाचा गुंडाळा संपला होता. दुसऱ्या रंगात होता.

"कोणता बी चालते," मोतीरामजी म्हणाले.

"रंग मी पाहीन," वरून आवाज आला. "तुमी नका जाऊ."

वहिनी तोवर वरच्या खोलीत गेल्या होत्या. गच्चीचं दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी बाई मोठ्याने, "अवं वत्सला! कधी आली वं वर?" म्हणाली आणि त्यापुढचं बोलणं आम्हाला नीट ऐकू आलं नाही.

मोतीरामजी सातव्या पायरीवर बसले होते. कागदाचा तुकडा त्यांच्या हातात होता. रहीमभाईंनी सामान गोळा केलं, सोमवारी येतो म्हणाले आणि गेले.

दहा मिनिटांनी वहिनींनी वरून हाक मारली. "अजी, ऐकून राह्यले का? चहा वर घेऊन या. ऊन चांगलं हाय."

मोतीरामजी स्वयंपाकघरात गेले. सव्वाबारा वाजता ते एका ताटात दोन कप ठेवून, कप न पाहता पायऱ्या पाहत, वर गेले. तिसरा कप त्यांनी मला खालीच दिला होता. पावणेदोन वाजता मी जेवायला घरी निघालो. तोपर्यंत दोघंही खाली आले नव्हते.